मुलीसाठी नेमलेली वकीलबाई नक्की कोणाची?

डिचोली तालुक्यातल्या एका मामांनी प्रश्न विचारला आहे, तो थोडक्यात असा. बहीण दोन वर्षांपूर्वी आजाराने गेली. आठ वर्षांची भाची तेव्हापासून आजी-आजोबा आणि मामाकडे राहते. तिचे वडील जहाजावर नोकरीला आहेत. मागच्या सुट्टीत त्यांनी दुसरं लग्न केलं, मुलीचा ताबा मागणारा अर्ज कोर्टात घातला आणि ते पुन्हा जहाजावर गेले. न्यायाधीशांनी मुलीसाठी म्हणून एक वकीलबाई नेमल्या आहेत. त्या फी घेत नाहीत. एकदा घरी आल्या, मुलीशी अंगणात अर्धा तास बोलल्या, पण "केसचं कसं दिसतं?" असं विचारल्यावर काहीच बोलल्या नाहीत. मामांना कळत नाही की या बाई कोणाच्या, न्यायाधीश त्यांचं ऐकतात का, आणि पुढच्या वेळी काय बोलायचं ते मुलीला आधी शिकवून ठेवावं का. शिवाय अमेरिकेत प्रत्येक मुलामागे असा स्वयंसेवक असतो असं त्यांनी वाचलं आहे, तसं इथे आहे का, हेही त्यांना हवं आहे.

मी म्हापशात राहते आणि बावीस वर्षं उत्तर गोव्यातल्या कोर्टांत वकिली करते. मोफत कायदेशीर मदत पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्यामुळे, आणि काही वेळा न्यायाधीशांनी थेट सांगितल्यामुळे, तुमच्याकडे आलेल्या बाईंचं काम मीही पुष्कळदा केलं आहे. म्हणून हे सगळं त्यांच्या जागेवरून कसं दिसतं ते सांगते. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत. जिथे उत्तर कागदांवर किंवा न्यायाधीशांवर अवलंबून आहे तिथे तसं स्पष्ट म्हणेन.

त्या बाई तुमच्या नाहीत आणि मुलीच्या वडिलांच्याही नाहीत. त्यांच्याकडे ना तुमचा वकालतनामा आहे, ना वडिलांचा. म्हणूनच त्यांनी केसबद्दल तोंड उघडलं नाही, आणि ते बरोबरच केलं. तुम्हाला धीर देणारं एक वाक्य जरी त्या बोलल्या असत्या तरी पुढे त्यांच्या अहवालाला काही किंमत उरली नसती.

पण मला वाटतं तुमची खरी अडचण वेगळी आहे. जिला आपण दोन वर्षं सांभाळलं, त्या मुलीचं आयुष्य अर्ध्या तासात पाहून गेलेली एक परकी बाई ठरवणार की काय, ही तुमची भीती आहे. भीती रास्त आहे. तिचं उत्तर द्यायचं तर आधी कोर्टाला मूल दिसतं कसं ते पाहावं लागेल.

कोर्टाला आधी दिसतात ते कागद. वडिलांचा अर्ज, तुमचं उत्तर, दोघांची प्रतिज्ञापत्रं. मी अशी शेकडो प्रतिज्ञापत्रं वाचली आहेत आणि काही लिहिलीही आहेत. दोन्ही बाजूंची एकापाठोपाठ वाचली तर दोन निराळ्या मुलींची माहिती वाचतोय असं वाटतं. एका कागदावर मूल हसतं-खेळतं असतं, दुसऱ्यावर तेच मूल झुरत असतं. न्यायाधीशांच्या बोर्डावर त्या दिवशी आणखी कितीतरी प्रकरणं असतात. ते उठून तुमच्या वाड्यावर येऊ शकत नाहीत. मुलीला चेंबरमध्ये बोलावून तिच्याशी बोलतात, पण अनोळखी खोलीत, अनोळखी माणसासमोर, बाहेर मामा एका बाकावर आणि वडिलांकडची माणसं दुसऱ्या बाकावर बसलेली असताना आठ वर्षांचं पोर किती बोलणार? म्हणून न्यायाधीश आपल्या वतीने कोणाला तरी पाठवतात. जे कागदावर येत नाही ते पाहून येणं, हे त्या माणसाचं काम.

याला कायद्यात आधार आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने आदेश ३२-अ आला. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलाच्या पालकत्वाची आणि ताब्याची प्रकरणं त्यात येतात. त्यातला चौथा नियम म्हणतो की कोर्ट आपल्या मदतीला योग्य व्यक्ती घेऊ शकतं, शक्यतो स्त्री, मग ती पक्षकारांच्या नात्यातली असो वा नसो. त्याच आदेशाखाली कोणत्याही एका पक्षाने मागितलं तर सुनावणी बंद दालनात घ्यावी लागते, हेही तुमच्या वकिलांना विचारून ठेवा. पालकत्वाचा मुख्य कायदा १८९० चा, गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट. त्याच्या कलम १७ मध्ये कोर्टाने काय काय पाहायचं ते आहे: मुलाचं वय, लिंग, धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचा स्वभाव आणि कुवत, त्याचं मुलाशी नातं किती जवळचं, गेलेल्या आई-बापाची इच्छा. मूल समजून-उमजून आपली पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर तीही पाहायची. वय किती, याचा आकडा कायद्याने दिलेला नाही. आठ वर्षांची एखादी मुलगी नेमकं सांगते, तेरा वर्षांचा एखादा मुलगा गोंधळलेला असतो.

नेमणुकीच्या आदेशात त्यांना काय म्हटलं आहे, न्यायमित्र (कोर्टाला मदत करणारा वकील), मुलीची प्रतिनिधी की कल्याणविषयक साहाय्यक, त्यावर त्यांचे अधिकार थोडे बदलतात. आदेशाची प्रत तुमच्या वकिलांकडे असेलच. ती मागून वाचा. निम्म्या शंका तिथेच मिटतील.

आता अमेरिकेचं. तुम्ही वाचलंत ते बरंचसं खरं आहे, पण एका शब्दाने घोटाळा होतो. अशा स्वयंसेवकाला तिथे 'कोर्ट अपॉइंटेड स्पेशल ॲडव्होकेट' म्हणतात, पण त्या नावातला 'ॲडव्होकेट' म्हणजे वकील नव्हे. मुलाच्या बाजूने बोलणारा माणूस, एवढाच त्याचा अर्थ. १९७७ मध्ये सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सुकप यांना वाटू लागलं की मुलांच्या आयुष्याचे निर्णय आपण अपुऱ्या माहितीवर देतो आहोत. त्यांनी गावातल्या सामान्य नागरिकांना हाक दिली आणि त्यातून, त्याच नावाच्या आद्याक्षरांची, 'कासा' नावाची चळवळ उभी राहिली. शिक्षिका, परिचारिका, निवृत्त कारकून असे लोक सुमारे तीस तासांचं प्रशिक्षण घेतात, एका वेळी एक-दोनच मुलं घेतात आणि केस संपेपर्यंत त्याच मुलासोबत राहतात. मात्र ती मुलं बहुतेक करून छळ किंवा हेळसांड झाल्यामुळे सरकारने घरातून काढून घेतलेली असतात. वडील एका बाजूला आणि आजोळ दुसऱ्या बाजूला, अशा तुमच्यासारख्या वादासाठी ती व्यवस्था मुळात नाही. प्रत्येक मुलामागे एक माणूस, हेही तिथे सगळीकडे जमलेलं नाही.

आपल्याकडे तशी एकसंध व्यवस्था नाही. आपल्याकडे तुकडे आहेत. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरचे वकील आहेत, २००९ च्या योजनेतून तयार झालेले विधी स्वयंसेवक आहेत, समाजकार्य शिकलेल्या काही बायका आहेत, आणि यातून कोणाला घ्यायचं ते न्यायाधीश ठरवतात. काही न्यायाधीश आवर्जून नेमतात, काही स्वतःच मुलाशी बोलून निभावतात. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्री आणि मूल यांना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या प्रकरणात मुलासाठी कोणीच नेमलेलं नसेल, तर वकिलामार्फत साधा अर्ज करून कोर्टाला विनंती करता येते, किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीत जाऊन विचारता येतं. १५१०० हा त्यांचा फोन.

गोव्यातल्या माणसाला मात्र ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेत अनाथ मुलासाठी कुटुंब-मंडळ होतं: पाच जवळचे नातलग, तीन वडिलांकडचे, दोन आईकडचे. पालक नेमला तरी त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा माणूस असे, आणि पोरक्या मुलांच्या हितासाठी बोलणारा 'कुरादोर' असे. जुन्या वकिलांच्या तोंडी हा शब्द मी स्वतः ऐकला आहे. मुलाचा कारभार एकाच बाजूच्या हाती सोडू नये, हा विचार इथल्या कायद्यात फार जुना आहे. फरक इतकाच की ते मंडळ नात्यातलं होतं. नात्यातल्या माणसाला मुलाचा जन्मापासूनचा सगळा इतिहास ठाऊक असतो, आणि चार वर्षांपूर्वी लग्नात कोण कोणाशी बोललं नाही तेही ठाऊक असतं. तुमच्याकडे आलेल्या बाईंना दोन्ही ठाऊक नाही. पहिलं त्यांनी शिकून घ्यायचं असतं, दुसऱ्यापासून लांब राहायचं असतं.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते. सगळ्यांची पद्धत सारखी नसते, ही माझी आहे.

मी आधी सगळे कागद वाचते आणि बाजूला ठेवते. मग मुलाला भेटते, जिथे ते राहतं तिथे, शक्यतो शाळा सुटून खाणं झाल्यावर. उपाशी मूल बोलत नाही. पहिल्या भेटीत केसबद्दल एक अक्षर नाही. घर दाखव म्हणते. मूल घर दाखवायला लागलं की आपोआप बोलतं. ते कुठे झोपतं, दप्तर कुठे ठेवतं, कोंबड्यांना नावं आहेत का, आईचा फोटो कुठे आहे, तो पाहताना ते थांबतं का, हे सगळं मला दिसतं. घरातल्या मोठ्यांना विचारायचे माझे प्रश्नही साधे असतात. केस कोण विंचरतं? शाळेच्या कॅलेंडरवर, म्हणजे डायरीत, सही कोण करतं? वर्गातल्या बाईंचं नाव काय? गेल्या वेळी ताप आला तेव्हा रात्री उठून कोण बसलं? सांभाळणाऱ्या माणसाला याची उत्तरं आठवावी लागत नाहीत. सांभाळतो असं नुसतं म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

दुसऱ्या बाजूच्या घरीही मी तशीच जाते आणि तेच प्रश्न विचारते. तुमच्या बाबतीत त्या बाई वडिलांच्या घरी, म्हणजे आता त्यांच्या नव्या पत्नीकडेही जातील. त्या तिकडे गेल्या म्हणून फितूर झाल्या असं समजू नका. मी शाळेत जाते, वर्गशिक्षिकेला भेटते, आणि मला सगळ्यात जास्त तिथेच कळतं. शिक्षिकेला कोणाची बाजू घ्यायची नसते आणि तिने मुलाला वर्षभर रोज पाहिलेलं असतं. शेजाऱ्यांशी मी फार बोलत नाही. वाड्यावर बोभाटा होतो आणि तो मुलाला भोगावा लागतो.

मुलाशी मी कोंकणीत बोलते, किंवा ते घरी जे बोलतं त्या भाषेत. कोर्टाचे कागद इंग्रजीत, शाळा मराठी, आणि दुःख कोंकणीत, अशी आपल्याकडच्या मुलांची गत असते. अहवाल इंग्रजीत लिहिताना मुलाचं महत्त्वाचं वाक्य मी त्याच्याच शब्दांत ठेवते आणि खाली अर्थ देते. एक मुलगी मला म्हणाली होती, "म्हाका खंयच वचूंक नाका." मला कुठेच जायचं नाही. तिच्या आजीने ते ऐकलं आणि खूश झाली. पण दुसऱ्या भेटीत कळलं की तिला शाळेतही जायचं नव्हतं, खेळायलाही नाही. ते वाक्य आजीच्या बाजूचं नव्हतं. त्या मुलीला समुपदेशकाची गरज होती, आणि अहवालात मी पहिल्यांदा तेच मागितलं.

माझी एक चूक इथे सांगणं भाग आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीकडे मी एकदाच गेले. वडिलांचं नाव काढलं की ती ताठ व्हायची, खाली बघायची. मी अहवालात लिहिलं की मुलगी वडिलांना घाबरते. त्यामुळे वडिलांच्या भेटी काही महिने थांबल्या. नंतर शाळेतल्या बाईंनी सांगितलं की मी गेले तो आठवडा तिच्या आईच्या वर्षश्राद्धाचा होता आणि ती तेव्हा कोणाशीच बोलत नव्हती. मी ते कोर्टासमोर लेखी मांडलं, भेटी पुन्हा सुरू झाल्या. पण त्या मुलीचे वडिलांशिवाय गेलेले महिने माझ्या खात्यावर आहेत. तेव्हापासून एका भेटीवर मी अहवाल लिहीत नाही. न्यायाधीशांनी घाई केली तर मुदत मागते. तुमच्याकडे अर्ध्या तासासाठी आलेल्या बाई पुन्हा येतील असं मला वाटतं. आल्या नाहीत आणि एका भेटीवरच अहवाल दिला, तर तुमच्या वकिलांनी तो मुद्दा जरूर उचलावा.

आता शिकवण्याबद्दल. शिकवू नका.

हे मी नीतीचा धडा म्हणून सांगत नाही. शिकवलेलं कळतं, आणि त्याने तुमच्याच खऱ्या गोष्टीचं नुकसान होतं. एका नऊ वर्षांच्या मुलाने मला सांगितलं होतं, "माझ्या हिताच्या दृष्टीने मी इथेच राहिलो पाहिजे." नऊ वर्षांचं पोर 'हित' म्हणत नाही, 'दृष्टीने' म्हणत नाही. मी विचारलं, हित म्हणजे काय रे? तो गप्प झाला आणि दाराकडे बघू लागला, काका दाराआड उभा होता. वाईट याचं वाटलं की त्याला तिथेच राहायचं होतं, मनापासून. त्याचं क्रिकेट, त्याचा कुत्रा, त्याची आजी, सगळं तिथे होतं. नुसता मोकळा सोडला असता तर त्याने ते शंभर वेळा सांगितलं असतं. पण एकदा शिकवलेलं वाक्य हाती आल्यावर त्याच्या खऱ्या वाक्यांनाही मला "शिकवलेलं नसावं" असं जोडावं लागलं. आणि मुलाच्या मनावर काय होतं ते वेगळंच. उद्या निकाल काहीही लागो, माझ्या बोलण्याने बाबा हरले किंवा माझ्या बोलण्याने आजी रडली, हे ओझं ते मूल वर्षानुवर्षं वागवतं.

त्या पुन्हा येतील तेव्हा मुलीला एवढंच सांगा: एक मावशी येणार आहेत, त्यांना जे वाटेल ते सांग, आम्ही कोणी रागावणार नाही. मग खरंच लांब व्हा. अंगणात बोलत असतील तर मागच्या दारी जा. आणि त्या गेल्यावर "काय विचारलं? तू काय सांगितलंस?" असं विचारू नका. हे जमवणं सगळ्यात कठीण, मला माहीत आहे. पण त्या प्रश्नानेच मुलीला कळतं की त्या भेटीत काहीतरी जिंकायचं-हरायचं होतं. चहा द्या, तो कोणी नाकारत नाही. फळांची पिशवी, नारळ, असलं काही गाडीत ठेवू नका. केसबद्दल त्यांना फोन करू नका. सांगण्यासारखं काही असेल, मुलीच्या औषधांचं, शाळेचं, तर लिहून वकिलांमार्फत द्या, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही ते दिसेल.

न्यायाधीश त्यांचं ऐकतात का? ऐकतात, पण बांधलेले नसतात. चांगल्या अहवालात मूल काय म्हणालं ते एका जागी असतं आणि अहवाल लिहिणारीला काय दिसलं ते वेगळ्या जागी. मुलाची इच्छा आणि मुलाचं भलं या दोन गोष्टी पुष्कळदा जुळतात, काही वेळा जुळत नाहीत, आणि त्या जुळत नसतील तर तसं सांगणं हेच त्या बाईंचं सगळ्यात अवघड काम. साधारणपणे अहवालाची प्रत दोन्ही बाजूंना मिळते, त्यावर हरकत घेता येते. लिहिणारीला प्रश्न विचारू द्यायचे का, ते न्यायाधीश ठरवतात.

इथे तुम्हाला एक कडू गोष्ट सांगायला हवी, कारण तुमच्या प्रश्नात ती कुठे दिसली नाही. वडील हयात आहेत. १८९० च्या कायद्याचं कलम १९ सांगतं की आई किंवा वडील हयात असतील आणि कोर्टाच्या मते अपात्र नसतील, तर मुलाच्या शरीरासाठी, म्हणजे मालमत्तेसाठी नव्हे तर मुलाला सांभाळण्यासाठी, दुसरा पालक नेमायचा नाही. ताब्याच्या अर्जात मुलाचं कल्याण सगळ्यांच्या वर मानलं जातं हे खरं, पण "दोन वर्षं आम्ही वाढवली" एवढ्या एका पायावर उभे राहू नका. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आई गेलेल्या मुलांचा ताबा मामाकडे ठेवला, आणि २००८ मध्ये आजोळच्या आजी-आजोबांच्या बाजूने निर्णय देताना मुलाला काय हवं ते खालच्या कोर्टांनी विचारायला हवं होतं असं म्हटलं. लोक हे दोन निकाल मोठ्या आशेने दाखवतात. पण त्या दोन्हींत आईच्या मृत्यूवरून वडिलांवर फौजदारी प्रकरण चालू होतं. उलट २०१९ मध्ये, आई कर्करोगाने गेलेली आणि मूल आजोळच्या नातलगांनी जिवापाड सांभाळलेलं असताना, सर्वोच्च न्यायालयाने ताबा वडिलांकडे दिला. तुमचं प्रकरण, तुम्ही लिहिलंय त्यावरून, या तिसऱ्याच्या जवळचं आहे. वडिलांनी मुलीला किंवा बहिणीला त्रास दिला असं तुम्ही कुठेही म्हटलेलं नाही. नसेल तर केससाठी म्हणून तसं काही उभं करू नका.

मग तुमच्या बाजूने काय आहे? वडील वर्षातले किती महिने समुद्रावर असतात, हा प्रश्न. जहाजावरच्या माणसाची सी.डी.सी. म्हणून नोकरीच्या नोंदींची पुस्तिका असते, तो कधी चढला आणि कधी उतरला त्याच्या तारखा तिच्यात असतात. ताबा वडिलांच्या नावे झाला तरी ते नसताना मुलगी कोणाजवळ राहणार? नव्या पत्नीजवळ, जिला ती अजून नीट ओळखतही नाही. त्या बाई वाईट असतील असं मी मुळीच म्हणत नाही. सावत्र आईने जीव लावलेली मुलं मी पाहिली आहेत. पण ओळख व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणी देतंय का, हे तुमच्याकडे आलेल्या वकीलबाई नक्की पाहतील. अशा प्रकरणांत माझ्या अहवालांचा खरा उपयोग ताबा कोणाला, यापेक्षा कसा आणि किती हळूहळू, यासाठी झाला आहे. जहाजावरच्या वडिलांना दर शनिवारची भेट देऊन काय उपयोग? एका प्रकरणात मी सुचवलं होतं की भेटी आठवड्यांवर न बांधता कॉन्ट्रॅक्टवर बांधा: वडील उतरले की पहिले आठ दिवस रोज दोन तास, मग शनिवार-रविवार, मग अर्धी सुट्टी, आणि समुद्रावर असताना ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल. चवथीचंही लिहिलं होतं. दोन्ही घरी गणपती असेल तर मुलाने माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-फुलांची चौकट) कुठे बांधायची, यावरून इथे खरोखर भांडणं कोर्टात येतात. पहिला दिवस एका घरी, दुसरा दुसऱ्या घरी, हे कागदावर असलेलं बरं. तुमच्या वकिलांना तुमच्याकडून असा आराखडा द्यायला सांगा. नुसतं 'नाही' म्हणणाऱ्या आजोळापेक्षा 'असं करूया' म्हणणारं आजोळ कोर्टाला मुलीच्या जास्त जवळचं वाटतं.

दोन गोष्टी ओझरत्या. वडील मुलीला परदेशी नेतील अशी खरी भीती असेल, आणि पोर्तुगीज पासपोर्टमुळे आपल्याकडे ती पुष्कळांना असते, तर पासपोर्टबद्दल १८९० च्या कायद्याच्या कलम १२ खाली अंतरिम आदेश आत्ताच मागा. मूल परदेशी गेल्यावर परत आणणं फार कठीण, कारण अशी मुलं परत पाठवण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. पण भीती खरी नसेल तर नुसता डाव म्हणून हे मागू नका. दुसरं, बहिणीच्या नावे घर, जमीन, बँकेत पैसे असतील तर त्यात मुलीचा वाटा आहे. तो वाद ताब्याच्या वादात मिसळू नका आणि इन्व्हेंटरीला, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याच्या गोव्यातल्या कोर्टाच्या प्रक्रियेला, बगल देऊन आपापसात वाटणीही करू नका. कोर्टाने नेमलेल्या पालकालासुद्धा अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. वकीलबाई यात पडणार नाहीत, पण कोणाचा डोळा मुलीपेक्षा तिच्या वाट्यावर आहे असं दिसलं तर त्या ते लिहितील.

आणि तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मला शोधूनही सापडली नाही. मुलगी वडिलांशी फोनवर बोलते का? वकीलबाई दुसऱ्या भेटीत हे विचारतीलच, पण त्यासाठी म्हणून नाही. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि वडील दर वेळी बोटीवर निघून जातात. उरलेलं एक माणूसही गेलं की काय, हे तिने कोणाला विचारलं नसेल. बोलत नसेल तर जहाजाला नेटवर्क मिळेल त्या संध्याकाळी फोन लावा, तिच्या हातात द्या आणि तुम्ही अंगणात जाऊन बसा.